मार, रेस, सोड, बंद

१

हे मी सांगायचं नव्हतं. आत्याने तसं बजावलं होतं, आणि आत्या बजावते तेव्हा तिच्या हातात बहुतेक वेळा पाना असतो. "लोकांच्या कानावर गेलं तर हसतील," ती म्हणाली होती, "आणि मला हसायची त्यांची लायकी नाही." मी तशीही कुणाशी फारसं बोलत नाही. वर्गात बाईंनी काही विचारलं तर उत्तर येत असूनही घशात अडकतं. त्यामुळे आत्या निश्चिंत होती. लिहिण्याबद्दल मात्र ती काही म्हणाली नव्हती.

यातलं मी स्वतः फार थोडं पाहिलं. बाकीचं आत्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, दर वेळी स्वतःवरच चिडत, आणि उरलेलं बाबांनी. जुळवणी माझी.

तर, आत्याचं गॅरेज. खाली लांबट शेड, वर आम्ही राहतो त्या खोल्या, आणि शेडच्या तोंडाशी वर जाणारा लोखंडी जिना. शेडला पुढे शटर आहे आणि मागच्या भिंतीत एक खिडकी. तिच्या काचेवर इतकं काळं बसलंय की आत येणारा उजेड चहासारखा दिसतो. गॅरेज आजोबांचं. त्यांनी जीव तोडून शिकवलं मुलाला आणि शिकली मुलगी. आत्या तेव्हा कोपऱ्यात अभ्यासाला बसायची आणि पुस्तकाआडून इंजिनं पाठ करायची. बाबांना मात्र, आत्याच्या म्हणण्याप्रमाणे, अजूनही इंजिनाची पुढची बाजू कुठली ते विचारावं लागतं.

तरीही गिऱ्हाईक आत शिरलं की सरळ बाबांकडे जातं. "काय झालंय हो गाडीला?" बाबा आत्याकडे बोट दाखवतात. गिऱ्हाईक आत्याकडे बघतं, मग पुन्हा बाबांकडे, आणि आवाज खाली आणून विचारतं, "पण शेवटी एकदा तुम्ही बघाल ना?" हे इतक्या वेळा झालंय की आत्याच्या कपाळावरची आठी आता झोपेतही जात नाही. तिच्या हिशेबी डॉक्टरांना कान नाहीत, वकिलांना लाज नाही, टॅक्सीवाल्यांच्या तोंडाला झाकण नाही, आणि भावाला तर काहीच नाही.

"माझ्या भावाला एकच काम येतं," ती चारचौघांत सांगायची. "बसणं."

ते तसं खरंही होतं. बाबांचं काम सीटवर बसण्याचं. गाडीचं बॉनेट उचलून त्याला टेकू लावला की समोरची काच झाकली जाते. इंजिनावर वाकलेल्याला सीटवरचा दिसत नाही आणि सीटवरच्याला इंजिनावरचा. बॉनेटच्या बिजागरीपाशी तेवढी एक आडवी फट राहते, त्यातून स्टिअरिंगचा एखादा तुकडा दिसतो. पण त्या फटीतून बघत बसायला आत्याला वेळ नसायचा. ती ओरडायची आणि सीटवरचा ऐकायचा. तिचे शब्द चार. 'मार' म्हणजे चावी फिरवून सेल्फ मार, इंजिन चालू कर. 'रेस' म्हणजे पायाने रेस दाब. 'सोड' म्हणजे पाय उचल. 'बंद' म्हणजे बंद. पाचवा शब्द तिने बाबांवर कधी खर्च केला नाही. लहानपणी ती त्यांना छोट्या म्हणायची म्हणे. मग छोट्या मोठा झाला, आजोबांच्या गॅरेजला लागला, कुठल्याच कामात टिकेना, आणि आत्याने ती हाकही बंद केली. नाव नाही, नातं नाही, साधं 'अरे' सुद्धा नाही.

एक गोष्ट ती कुणाला बोलून दाखवत नसे. फॅनचा बेल्ट बदलायचा तर बाकीचे लोक आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर सैल करतात, बेल्ट चढवतात आणि मग ताण देतात. आत्याला ते बायकी काम वाटायचं, आणि हा शब्द ती बिनदिक्कत वापरायची. ती नवा बेल्ट पुलीच्या काठावर अर्धा चढवायची, बोटांनी तिथेच दाबून धरायची आणि म्हणायची, "मार." सेल्फचा एक झटका, पुली फिरते, बेल्ट आपला आपण खाचेत जाऊन बसतो, आणि त्याच क्षणी आत्याची बोटं बाहेर. झटका जरासा आधी आला तर बोटं बेल्टखाली. ज्याला बसण्याशिवाय काही येत नाही असं ती जगाला सांगायची, त्याच्याच हाती ती आपली दहाही बोटं सोपवत होती. त्या बोटांखेरीज तिच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

२

दातांच्या डॉक्टरांची गाडी मिसिंग मारत होती. चारांपैकी एक सिलिंडर काम करेनासा झाला की इंजिन असं लंगडतं. तीन पावलं धड, चौथं खड्ड्यात. डॉक्टर अर्थातच तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "गाडी जरा उदास वाटते." आत्याने त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते चावी ठेवून मुकाट्याने निघून गेले.

सकाळचं ऊन शटरमधून अर्ध्या शेडपर्यंत आलं होतं. आत्या बॉनेटखाली वाकली. "मार."

इंजिन चालू झालं.

"रेस."

रेस वाढली. आत्या रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर उपसून बघू लागली. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडतं. मेलेल्याची काढली तर त्याला काहीच वाटत नाही, आणि मग चोर सापडतो. यासाठी रेस एकसारखी राहावी लागते, आणि बाबांची रेस कधी एकसारखी नसते. त्यांचा पाय अवघडतो, ते कंटाळतात, स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरतात.

त्या दिवशी रेस जराही हलली नाही. ताणून बांधलेल्या दोरीसारखी एका सुरात राहिली. तिसरी वायर काढली; इंजिनाला फरक नाही. आत्याला मजा आली. "सोड," ती म्हणाली, आणि शब्द पुरा होतोय तोच रेस उतरली.

"आज अक्कल बरोबर आणलेली दिसते," आत्या म्हणाली. तिच्या तोंडून हे कौतुकच.

पलीकडून उत्तर आलं नाही. बाबा एरवी कशालाही "हं, ताई" म्हणतात. शिव्या खाल्ल्या तरी म्हणतात.

"बंद."

इंजिन बंद झालं. आणि शटरखालून वाकून बाबा आत आले. एका हातात प्लगचा पुडा, दुसऱ्या हातात चहाची किटली.

"दुकानात ही गर्दी," ते म्हणाले. "म्हटलं, येताना चहा घेऊनच यावं. सुरू केलंस वाटतं काम? कुणाला बसवलं होतंस?"

आत्याने पकड खाली ठेवली. बॉनेटला वळसा घालून तिने आत बघितलं. दार बंद. सीट रिकामी. चावी आपल्या जागी, बंदच्या खुणेवर.

"तूच होतास," ती म्हणाली.

"मी? तूच पाठवलंस ना प्लग आणायला."

पाठवलं होतं खरं. भावाला कामाला पाठवून विसरून जाणं हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. ती चहाचा कप हातात धरून उभी राहिली आणि तिने इंजिनाचं करतात तसं त्या प्रसंगाचं निदान करायला घेतलं. भूतखेत हा रिकामटेकड्या लोकांचा उद्योग. तो कप्पा तिने उघडलाच नाही. इंजिन तिने स्वतःच चालू केलं असणार आणि विसरली असणार. रेसची केबल अडकली असणार. गंजलेली केबल अडकते आणि हादऱ्याने सुटते, यात नवल कसलं? इंजिन लंगडतच होतं, ते शेवटी आपलं आपणच बसलं असणार. तिने केबलमध्ये तेल सोडलं, पुन्हा पुन्हा ओढून बघितली. केबल लोण्यासारखी सरकत होती, तेल सोडण्याआधीही तशीच सरकली असती.

"सुटली आता," आत्या म्हणाली आणि दोष सापडल्यासारखे हात पुसले.

त्या नादात तिने तिसरी वायर बदलली आणि गाडी देऊन टाकली. त्याच आठवड्यात डॉक्टर परत आले. "पुन्हा उदास झाली." वायर चांगलीच होती, प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला केसाएवढी चीर गेली होती आणि आत्याने टोपी उचलून बघितलीच नव्हती. तिच्या हातची गाडी परत येणं म्हणजे अब्रूच गेली. तिने दिवसभर बाबांना फैलावर घेतलं. बाबांनी "हं, ताई" म्हटलं.

३

टॅक्सी तापत होती. टॅक्सीवाला बाहेर जुन्या टायरवर बसून जगाची हालहवाल सांगत होता, कुणी ऐकतंय की नाही याची त्याला फिकीर नव्हती. आत्याने गाडी थंड होऊ दिली, रेडिएटरचं झाकण काढलं, तोंडापर्यंत पाणी भरलं. पाणी स्थिर झालं. त्यात बॉनेटची आतली बाजू दिसत होती, काळी, आणि तिच्या खाली आत्याचा चेहरा.

"मार."

इंजिन चालू झालं. पाणी थरथरलं, चेहरा मोडला.

"रेस."

पाण्यात बुडबुडे यायला लागले. आधी एकदोन, मग भराभर, कुणीतरी खालून फुंकर घालत असावं तसे. आत्याने मान डोलावली. इंजिनाच्या हेडखालचं गॅसकेट फाटलं की आतला जळका वायू पाण्यात शिरतो आणि असा वर येतो. आता हेड उतरवण्याला पर्याय नाही.

"सोड."

रेस उतरली. बुडबुडे थांबले. आणि आता तिला पुढचा शब्द म्हणायचा होता. 'ब' म्हणायला आधी ओठ मिटावे लागतात. तिने ओठ मिटले.

इंजिन बंद झालं.

पाणी पुन्हा स्थिर झालं. आत्या ओठ तसेच मिटून त्याच्यात बघत राहिली. शेडचा पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. तिला वाटलं, बाबांना सवय झाली असेल. इतक्या वर्षांत बैलालासुद्धा घर कळतं. पण मिटलेले ओठ बॉनेटच्या पलीकडून दिसतात कसे?

"ताई, एक विचारू?" टॅक्सीवाला बाहेरून म्हणाला. "हे नवीन बसवलंय का तुम्ही?"

"काय?"

"आवाजावर चालू होणारं यंत्र. मस्त आहे. माझ्या टॅक्सीला बसवून द्या एक."

"तुझ्या टॅक्सीला आधी तोंड बंद करायचं यंत्र पाहिजे. कसलं यंत्र?"

"मग तुम्ही हे मार, रेस कुणाला म्हणत होतात? भाऊ तर मघाशीच वर गेले. जिन्यावरून मला हात करून गेले." त्याने खिशात हात घातला. "आणि चावी तर ही माझ्याकडे आहे."

चावी त्याच्या बोटावर गोल फिरत होती. आत्याने तिच्याकडे बघून, सवयीने, नाक मुरडलं.

"तुझ्या डब्याला चावी लागते होय? नखाने फिरवलं तरी चालू होईल."

"होईल की. पण नखाला माणूस लागतो ना, ताई."

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. आत्याने दार उघडलं. आत पेट्रोलचा आणि स्वस्त अत्तराचा वास. सीटचं कापड फाटून आतला फोम बाहेर आला होता. त्या फोममध्ये मधोमध खळगा पडला होता, आणि तो खळगा हळूहळू, अगदी हळूहळू भरून वर येत होता. आत्ताच कुणी उठून गेल्यावर येतो तसा.

आत्याने दार लावून घेतलं. "हेड उतरवावं लागेल," ती टॅक्सीवाल्याला म्हणाली. "टॅक्सी इथेच ठेव, आणि तू घरी जा. दोघं एकदम मला सहन होणार नाही."

४

संध्याकाळी काम संपलं की दोघं भावंडं मागच्या नळावर हात धुतात. साबणाची पूड आणि लाकडाचा भुसा एकत्र करून चोळायचा, म्हणजे ग्रीस सुटतं. सुटतं म्हणजे वरवरचं. नखांच्या कडेचं आणि तळहाताच्या रेषांमधलं काळं कधी जात नाही. आजोबांचंही शेवटपर्यंत गेलं नव्हतं. त्या दिवशी आत्या बराच वेळ हात चोळत होती.

"काम चालू असताना सीट सोडून वर कशाला गेलास?" तिने विचारलं.

"तू काम चालू केलंस हे मला कळलंच नाही, ताई."

"ओरडले ना मी. मार म्हणून."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? तुला. इथे दुसरं कोण आहे मार खाण्याच्या लायकीचं?"

बाबा हसले. ते असल्या बोलण्याला हसतात. मला त्यांचं ते हसणं आवडत नाही. पण त्या दिवशी ते लगेच थांबले. "रागावू नकोस," ते म्हणाले. "पण तू नुसतं मार म्हणतेस. पलीकडच्या गल्लीत कुणी पोराला मार म्हटलं तरी माझा हात चावीकडे जातो. माझं नाव कुठे असतं त्यात? जो तिथे असेल त्याला ते लागू होतं."

"बरं मग? आमंत्रणपत्रिका छापू?"

"हाक मार. पूर्वी मारायचीस."

"पूर्वी तुझ्याकडून मला आशा होती," आत्या म्हणाली आणि नळ बंद केला.

बाबांनी हात झटकले. खाली बघतच ते म्हणाले, "परवा मी त्या डॉक्टरांच्या गाडीत बसलो होतो. तुला आठवतं, ती दुसऱ्यांदा आली तेव्हा. स्टिअरिंग कोमट होतं, ताई. गाडी सावलीत होती. दोन्ही हात धरायच्या जागा तेवढ्या कोमट, बाकीचं गार."

"तुझं डोकं कोमट आहे," आत्या म्हणाली.

पण ते तिने मला सांगितलं तेव्हा ती पुढे म्हणाली, की त्या रात्री तिने स्वतःचे हात पुन्हा पुन्हा गालाला लावून बघितले होते.

५

वकीलबाईंच्या गाडीचा बेल्ट किंचाळत होता. झिजून गुळगुळीत झालेला बेल्ट पुलीवर घसरला की तो असा ओरडतो, आणि बाईंचं म्हणणं होतं की तो फक्त न्यायाधीशांच्या गाडीशेजारीच ओरडतो. त्यांना दुपारी कोर्टात हजर व्हायचं होतं. त्या समोरच्या सावलीत उभ्या राहून फोनवर कुणाला तरी झापत होत्या.

आत्याने जुना बेल्ट कापून काढला. अल्टरनेटरचा नट तिच्या समोरच होता. सैल करायला कितीसा वेळ लागला असता? तिने पाना हातात घेतलासुद्धा. मग तिला स्वतःची किळस आली. कसलं तरी कोमट स्टिअरिंग आणि फाटका फोम, एवढ्यावरून आपण आता इतरांसारखं काम करायचं? तिने पाना ट्रेमध्ये फेकला.

"बस," ती बाबांना म्हणाली. "आणि उतरायचं नाही."

"हाक मारशील ना?"

"लाडात येऊ नकोस."

बाबा दार उघडून बसले. आणि मग त्यांनी आपल्या मनाने एक गोष्ट केली, जी ते सहसा करत नाहीत. त्यांनी चावी काढून घेतली आणि हातात ठेवली. "तू म्हणालीस की लावतो," ते म्हणाले.

ती वाकली. नवा बेल्ट खालच्या पुलीत बसवला, वरच्या पुलीच्या काठावर अर्धा चढवला, आणि दोन्ही हातांच्या बोटांनी तो तिथे दाबून धरला. बेल्ट आणि पत्रा यांच्यामध्ये तिची बोटं. अशी बोटं तिने किती वेळा धरली असतील. फक्त 'मार' म्हणायचं.

तो शब्द तिच्या तोंडून निघेना. 'म' म्हणायलाही ओठ मिटावे लागतात, आणि तिने तोंड उघडंच ठेवलं होतं. मूर्खासारखं, असं तीच म्हणाली. नळाचा थेंब बादलीत पडत होता. बाहेर वकीलबाई म्हणत होत्या, "मी काय सांगतेय ते आधी ऐका."

"छोट्या," आत्या म्हणाली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. आवाज घोगरा आला.

"हं, ताई." पलीकडून लगेच उत्तर आलं. चकित झालेलं, थोडं ओलंही.

"आहेस ना तू?"

"आहे की."

"थांब जरा. मी सांगेपर्यंत थांब."

"थांबलोय."

आत्याने श्वास सोडला. बोटांची पकड नीट केली. आणि तिला ऐकू आलं:

"मार."

आवाज तिचाच होता. तोच त्रासलेला, तोच उर्मट, शेवटी जरासा तुटणारा. तिने स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता, आणि तिला आधी काय वाटलं असेल तर हे, की किती वाईट बोलते ही बाई. पण तो तिच्या तोंडून आला नव्हता. तो बॉनेटच्या पत्र्याला लागून, पलीकडच्या बाजूने आला होता.

बाबांचा हात कित्येक वर्षं त्या शब्दावर चाललेला. तो चावी घेऊन पुढे गेलाही, असं बाबा सांगतात. मग थांबला. ती हाक छोट्याला नव्हती. बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, दोन्ही हात बाहेर काढले, दारावर कोपरं टेकली, आणि जे विचारायची त्यांची जन्मात हिंमत झाली नव्हती ते विचारलं.

"ताई, मला म्हणालीस?"

आत्याने मान वळवली. बॉनेटच्या बाजूने तिला बाबांचं डोकं दिसलं, बाबांची दोन्ही कोपरं दिसली, दोन्ही हात, आणि करंगळीला लटकलेली चावी.

मग तिने फटीतून आत बघितलं.

स्टिअरिंगवर दोन हात होते.

स्वच्छ. ती मला एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिली, की ते स्वच्छ होते. नखांत काळं नाही, सांध्यांवर सुरकुती नाही, तळव्याच्या कडेला एकही रेघ नाही. धुतलेले हात असे नसतात, चिमणे, ती म्हणाली. नवा पार्ट डब्यातून काढतो ना, तेलकट कागद सोडवून, तसे. अजून कुठे बसवलेलेच नाहीत असे.

तिने बोटं उपसली. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती उपसली गेली. त्याच क्षणी सेल्फचा झटका बसला, पुली गर्रकन फिरली आणि बेल्ट चटकन खाचेत जाऊन बसला. तिच्या बोटाच्या टोकाला रबराचा चटका लागला, त्याचा डाग अजून आहे.

"मी नाही मारला!" बाबा ओरडले. "ताई, चावी माझ्या हातात आहे!"

"माहीत आहे," आत्या म्हणाली. तिने फटीकडे पाठ केली होती. "छोट्या, खाली उतर. मागे बघू नकोस. ये रे, राजा, माझ्याकडे ये."

बाबा उतरले, ते 'राजा' ऐकून घाबरले म्हणून.

६

बॉनेट पाडायला दोघांपैकी कुणी पुढे होईना. पाडलं असतं तर समोरची काच दिसली असती. दोघं भावंडं ट्रेपाशी हात लोंबकळत उभी होती, आणि बॉनेट तसंच वर, आणि शेडमध्ये आवाज फक्त नळाचा.

शेवटी वकीलबाईच आत आल्या. "झालं का? मग उभे काय राहिलात? एवढं बॉनेट बंद करता येत नाही?" त्यांनी टेकू काढला आणि बॉनेट दाणकन आपटलं. काचेच्या मागे रिकामी सीट होती. बाई जाऊन तिच्यावर बसल्या, चावी मागून घेतली, इंजिन चालू केलं. बेल्टचा चकार शब्द नाही. त्यांना आत्याच्या कामात खोट काढता येईना, तेव्हा त्यांनी ती दुसरीकडे काढली.

"आरसा कुणी फिरवला माझा?" त्या म्हणाल्या. "यात मागचा रस्ता नाही दिसत. तुमचा जिना दिसतोय."

त्या वेळी जिन्यावर मी बसले होते. इथेच येते माझी गोष्ट, आणि तीही एवढीच.

आत्या आता अल्टरनेटर सैल करूनच बेल्ट बदलते. लोक म्हणतात, बाई नरमल्या. तसं काही नाही. डॉक्टरांचा अजूनही ती पाणउतारा करते, आणि टॅक्सीवाल्याला तर आता दारातच थांबवते. फक्त शेडमधल्या प्रत्येक शब्दामागे ती हाक जोडते. "छोट्या, मार. छोट्या, रेस. छोट्या, सोड." गिऱ्हाइकं तोंड लपवून हसतात, कारण छोट्याच्या डोक्यावरचे केस पांढरे आहेत. आणि दर वेळी बाबा काही करण्याआधी विचारतात, "ताई, मला म्हणालीस?" आणि आत्या म्हणते, "तुलाच." यात कामाला उशीर होतो. पण त्या अवधीत, बाबा म्हणतात, कधीकधी रेस किंचित वाढल्यासारखी वाटते. कुणीतरी पायावर वजन घेऊन वाट बघत असावं तशी. आत्या म्हणते, केबल आहे. आता ती हे चिडून म्हणत नाही.

मलाही तिने शिकवून ठेवलंय. नुसत्या हाकेला ओ द्यायची नाही. आत्या 'चिमणे' म्हणेल. चिमणे म्हटलं तरच 'आले' म्हणायचं, नाहीतर गप्प बसायचं. गप्प बसणं तुला जमतं, ती म्हणाली, एवढा एक गुण तू बापाकडून घेतलेला नाहीस.

आज सुट्टी आहे आणि मी वर बसून हे लिहितेय. खाली दुपारची शांतता आहे. मघाशी एक गाडी आत आल्याचा आवाज झाला, बॉनेटचा टेकू लागल्याचा झाला, मग बराच वेळ काही नाही. पंखा घरघरतोय. आणि आत्ता, हे वरचं वाक्य लिहीत असताना, जिन्याच्या तळातून आत्याने मला हाक मारली, खाली ये म्हणून. आवाज आत्याचाच, त्यात शंका नाही. तोच त्रासलेला, शेवटी जरासा तुटणारा. मी मान वर न करताच 'आले' म्हणून टाकलं. आता पुन्हा बोलावतेय, घाई दिसतेय, तेव्हा जायला हवं. चिमणे असं ती म्हणाली असणारच, नेहमी म्हणते, फक्त पंख्याच्या आवाजात मला ते नीट